पोरीच्या बाजूनं सरळ

"आजी, पुस्तक उलटं धरलंय तुम्ही."

शहरातून आलेली मॅडम असं म्हणाली आणि हसली. अंगणवाडीत जमलेल्या बायाही हसल्या. पुस्तक माझ्या बायकोच्या हातात होतं. चित्राचं. लेकराले तेल लावाले बसते तशी ती पाय लांब करून बसली होती. पायावर आमची नात, तोंड आजीकडे. मॅडमनं पुस्तक काढून घेतलं. सेविकेले म्हणाली, "वाचता येतं त्यांनाच देत जा. नाहीतर फाडून ठेवतात."

मी दाराशी उभा होतो. मीबी हसलो.

लिहाले लाज वाटते. पण झालं ते झालं. शिकलेलं माणूस हसलं की आपणही हसाचं, हेच जन्मभर करत आलो. कोणावर हसून राहिलो, ते पाहिलं नाही.

घरी येताना बायको पोरीले कडेवर घेऊन पुढं चालली. बोडीच्या, आमच्या लहान तळ्याच्या, पाळीवर आल्यावर थांबली. पाण्याकडे पाहत म्हणाली, "तुमीबी हासले."

ती शाळेत कधी गेली नाही. धानाच्या चिखलात जन्म गेला. सून मजुरीले जाये, नात आमच्याजवळ राहे. दोन वर्षाची झाली तरी पोरगी बोलत नव्हती. मग सेविकेनं ते पुस्तक घरी दिलं होतं, मॅडम येण्याच्या बऱ्याच आधी. बायकोले अक्षर येत नव्हतं, ती चित्रच वाचे. पुस्तकातलं बदक ती आमच्या बोडीत सोडे. हे बदक मासोळी खाऊन राहिलं, म्हणे. पोरगी बोट ठेवे. तेच पान पुन्हा काढाले लावे. असं रोज. एक दिवस पोरगी बोलली, "माछोई." पहिला शब्द. बायको पदरात तोंड घालून रडली.

पुस्तक असं उलटं काहून धरते, मी विचारलं होतं तिले. ती म्हणाली, "पोरीले सरळ दिसते ना. मले कुठं वाचाचं आहे?"

म्हणजे मले माहीत होतं. तरी हसलो.

त्या दिवसापासून तिनं पुस्तकाचं नाव काढलं नाही. पोरगी पायावर येऊन बसे, ही दुसरीकडे पाहे. थंडीत बायकोले ताप आला. आठ दिवसात गेली. माफी मागाची राहून गेली.

तेरवी झाली. नात माझ्या पायावर येऊन बसली. दोन्ही हात पुस्तक धरल्यासारखे केले. बोलली काहीच नाही. आजी गेल्यापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं.

मॅडम महिन्यातून एकदा येते. त्या दिवसाची वाट पाहिली. पोरीले कडेवर घेऊन गेलो, पुस्तक मागितलं.

"आजोबा, वाचता येतं का तुम्हाला?"

"अडखळत येते. हिच्या आजीले तेवढंबी येत नव्हतं. पोरगी तिच्याजवळच बोलाले शिकली."

खाली बसलो. पाय लांब केले, पोरीले समोर बसवलं, पुस्तक तिच्याकडे करून उघडलं.

"आता हिच्या बाजूनं येऊन पाहा, मॅडम. उलटं आहे का सरळ?"

मॅडम जागची हलली नाही. हसलीही नाही. मी पुस्तक घेऊन उठलो. सेविकेनं वही काढली, कोणाच्या नावानं लिहू, विचारलं.

"हिच्या आजीच्या."

आता रोज ओसरीवर बसतो, रस्त्यावरून दिसलो पाहिजे असा. पोरगी अजून बोलत नाही. बदकावर बोट मात्र ठेवते. पुस्तक मी उलटंच धरतो. जाणारे-येणारे हसतात.

मी हसणार नाही.