उसनी दिलेली चूक

साइटवर तिला सगळे ओळंबाबाई म्हणत. पाठीमागे म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. भिंत सरळ आहे की नाही हे बघायचं ते दोरीला टांगलेलं वजन, म्हणजे ओळंबा, तिच्या पर्समध्ये कायम असायचा. कंगवा एक वेळ घरी राहील, ओळंबा नाही. ती कधी ओरडायची नाही. वाकड्या भिंतीपुढे नुसती उभी राहायची. थोड्या वेळाने गवंडीच म्हणायचा, "पाडतो, बाई."

इंजिनिअर होती. नवराही इंजिनिअर, त्याच कंपनीत. फरक एवढाच, की ती खाली खड्ड्यात उभी असायची आणि तो वर ऑफिसात पंख्याखाली. त्याला बोलता छान यायचं. मीटिंग म्हटली की साहेब ताजेतवाने, साइटवर जायचं म्हटलं की साहेबांची कंबर धरायची. असो. अशीही माणसं लागतात, नाहीतर मीटिंगा कोण करणार?

या धंद्यात नुसत्या डिग्रीने भागत नाही. इंजिनिअरांची एक संस्था असते. तिचं सभासदत्व मिळालं की नावापुढे चार अक्षरं लागतात आणि मग तुमच्या सहीला किंमत येते. कंपनीत कुणीतरी सभासद असेल तरच कंपनीलाही मोठ्या कामांची मान्यता. तेव्हा घरात ठरलं, आधी त्याने अर्ज करायचा. "एकाचं होऊन जाऊ दे. पुढच्या वर्षी तुझं," तो म्हणाला.

मुलाखतीत एक प्रश्न हमखास असतो. तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा, आणि ती कशी निस्तरलीत तेही सांगा. संस्थेची जुनी रीत आहे ही. ज्याला स्वतःची चूक सांगता येत नाही, त्याच्या भरवशावर इमारत सोडायची नाही. रीत सोन्यासारखी, पण साहेबांकडे चूक नव्हती. कामच केलं नाही तर चूक कुठून आणणार? मग बायकोने आपली दिली.

चूक पाण्याच्या टाकीच्या भिंतीची होती. काँक्रीट एकदा ओतायला घेतलं की मध्ये थांबायचं नसतं. थांबलात तर खालचं घट्ट होऊन बसतं, वरचं त्याला धरत नाही आणि पुढे त्या सांध्यातून पाणी पाझरतं. ओतकाम ऐन भरात असताना नवऱ्याचा फोन आला, "आई बाथरूममध्ये पडलीय. मी मीटिंगमध्ये अडकलोय, तू जा." ती गेली. सासूबाईंना एकटीने उचललं, दवाखान्यात नेलं. इकडे साइटवर काँक्रीटचा पंप बंद पडला, आणि बाईंना विचारल्याशिवाय दुसरा मागवायचा कसा, म्हणून सगळे हातावर हात ठेवून बसले. जाताना काम कुणाच्या हाती सोपवून गेली नाही, ही तिची चूक. टाकी भरल्यावर भिंत पाझरायला लागली. तिने मालकाला स्वतः बोलावून ती दाखवली, आणि भिंत फोडून पुन्हा बांधली.

हे सगळं तिने नवऱ्याला लिहून दिलं. तिच्या जागी तो आला आणि सासूबाईंच्या जागी आई. मुलाखतीत त्याने ते असं काही सांगितलं म्हणे, की एका परीक्षकाच्या डोळ्यांत पाणी आलं. आईसाठी हातातलं काम टाकून धावणारा मुलगा! आयत्या बिळावर नागोबा, तोही फणा काढून. साहेब पास झाले, प्रमाणपत्र बैठकीच्या खोलीत टांगलं गेलं, आणि काही वर्षांनी ते संस्थेच्या समितीवर जाऊन बसले. घरी पाहुणे आले की ती गोष्ट निघायचीच. ती चहा आणून ठेवायची आणि ऐकायची.

तिचं पुढचं वर्ष मात्र पुढेच सरकत राहिलं. मुलीची शाळा, सासूबाईंचं दुखणं, एकामागून एक कामं. मग कंपनीने फतवा काढला की यापुढे साइटचा प्रमुख सभासदच हवा. सभासदत्व नाही मिळालं तर जिला तिने टेप धरायला शिकवलं, त्या ज्युनिअरच्या हाताखाली तिला उभं राहावं लागणार होतं. तिने अर्ज केला.

मुलाखतीच्या दिवशी नवरा समितीवर असूनही नातेवाईक म्हणून बाहेर बसला. नियम म्हणजे नियम. आत परीक्षकांनी पायाबद्दल, मातीबद्दल, पाण्याबद्दल विचारलं. तिची उत्तरं ऐकून ते खूश दिसत होते. मग चुकीबद्दलचा तो हमखास प्रश्न आला. त्या भिंतीनंतर तिने डोळ्यांत तेल घालून काम केलं होतं. सांगण्यासारखी दुसरी चूक तिच्या हातून झालीच नव्हती. आणि इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट कोण लक्षात ठेवतं? तिने टाकीची भिंत सांगितली.

मधल्या म्हाताऱ्या परीक्षकाने चष्मा काढला. "बाई, ही गोष्ट मी ऐकलीय. फक्त त्यात आई होती, तुमच्यात सासू आहे."

 ती सरळ म्हणाली, "ती माझीच चूक आहे, सर. हे बाहेर बसलेत. त्यांनाच विचारा."

इतका विश्वास होता हो तिचा.

नवऱ्याला आत बोलावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, एकदा तिच्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "आमच्या घरात ही गोष्ट इतक्यांदा निघते, की तिला ती स्वतःचीच वाटायला लागली असेल. तिचा हेतू वाईट नाही, सर. कृपा करून तिला समजून घ्या."

या मायेपेक्षा दोन थोबाडीत परवडल्या असत्या. तिने तोंड उघडलं, पण बोलणार काय? लिहून दिलं होतं तिनेच. खरं बोलावं तर दोघंही खोटी ठरणार.  दुसऱ्याचा अनुभव आपला म्हणून सांगणाऱ्याला संस्थेत जागा नाही, असं म्हातारा म्हणाला आणि त्याने तिची फाइल मिटली.

परतताना गाडीत नवरा म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वेळी दुसरी एखादी चूक सांग."

"दुसरी नाहीये माझ्याकडे."

"अगं, चुका काय, शोधल्या की सापडतात."

 तिचा संताप इतका होता की रडूही येईना.

घरी सासूबाई खुर्चीत वाट बघत होत्या. नापास झाली हे ऐकून त्यांना खरंच वाईट वाटलं. "त्याला विचारून जायचं होतंस गं," त्या म्हणाल्या. "त्याचं कसं पहिल्या फटक्यात झालं! आणि काम तरी केवढं त्याचं. मी पडले तेव्हा सगळं टाकून धावत आला, उचललंन मला एकट्याने."

 त्या खोटं बोलत नव्हत्या. ऐकून ऐकून त्यांना तसंच आठवत होतं.

"सूनबाई, बाथरूमला जायचंय. हात दे जरा."

नवरा आत कपडे बदलत होता. तिने पर्स खाली ठेवली, सासूबाईंच्या काखेत हात घातला आणि त्यांना उचलून उभं केलं.