शिवण नसलेली पाठ

जपानमधल्या किर्यू गावच्या रंगकारखान्यात उकळत्या पाण्याची टाकी फुटली, तेव्हा तेइकिची तिच्याकडे पाठ करून उभा होता. मानेपासून कमरेपर्यंत आणि दोन्ही दंड भाजून निघाले. डॉक्टरांनी पट्ट्या बांधून घरी पाठवलं. त्यात जानेवारीची थंडी. उघडं ठेवावं तर तो काकडायचा, काही घालावं तर किंचाळायचा.

त्याची बायको मिसाओ जन्मभर लोकांचे किमोनो शिवत आलेली. कुठे सलतंय ते तिला लगेच कळलं. किमोनोच्या कापडाचा पन्हा जेमतेम दीड वीत. दोन पट्टे जोडल्याशिवाय पाठ होत नाही, आणि ती जोडशिवण नेमकी कण्यावरून उतरते. बाहीची शिवण दंडावर. तिने टाके उसवले, शिवण चपटी केली, घरात घालायचा सुती किमोनो, युकाता, उलटा घालून पाहिला. काही उपयोग होईना.

"नको गं काही घालूस," तेइकिची उशीत तोंड खुपसून म्हणाला. "मरू दे एकदाचं."

तान्ह्या बाळाच्या किमोनोला मात्र पाठीत शिवण नसते. एका पट्ट्यात त्याची पाठ मावते. तसाच बाप्याच्या मापाचा शिवायचा, मिसाओने ठरवलं. अंगाला हात लावायची सोय नव्हती, म्हणून तिने पालथ्या नवऱ्यावर अधांतरी दोरा धरून माप घेतलं आणि कुरिहाराचं कापडदुकान गाठलं.

"एवढा पन्हा?" म्हातारा कुरिहारा हसला. "कोण, सुमो पैलवान आलाय की काय गावात?" मग तिचा चेहरा पाहताच त्याने हसू आवरलं. आतून त्याने चादरीच्या कापडाचा उरलेला तुकडा आणला. पांढरा, खळीने कडक झालेला.

तिने बांबूची पट्टी लावून मोजलं. खांद्यावरही शिवण नको, म्हणजे पुढून गुडघ्यापासून खांद्यावरून मागे गुडघ्यापर्यंत कापड अखंड हवं. तेवढंच भरलं.

"बाह्या कशाच्या करशील?" कुरिहाराने विचारलं.

"माझ्या जुन्या युकाताच्या. मऊ झालाय तो. आणि पन्हा मोठा, म्हणून जोड दंडावर न येता कोपराखाली जाईल."

घरी सासू उमे कापड पाहून कडाडली, "पांढरं? माझ्या लेकाला जिवंतपणीच मढ्याचं कापड? आणि पाठीला शिवण नाही! तिथूनच बाधा शिरते. बाळाच्या पाठीवरसुद्धा आपण राखणीचे लाल टाके घालतो. ते तरी घाल."

"कुठे घालू, आई? तिथे कातडंच नाही."

कापड कुटायचा दांडका उमेनेच हातात घेतला. उकळायचं, गार पाण्यात काढायचं, कुटायचं. खळ निघेपर्यंत दोघींचे हात फुटले.

गळ्याचा काप घेण्याआधी मिसाओने दोनदा मोजलं. चुकली असती तर दुसरं कापड नव्हतं. टाके घालून झाल्यावर दोघींनी चार टोकं धरून तो झगा अलगद त्याच्यावर सोडला. मिसाओ किंकाळीची वाट पाहत राहिली.

"घातलास का?" तेइकिचीने विचारलं.

तो तसाच झोपी गेला. मिसाओ स्वयंपाकघरात जाऊन तोंडात किमोनोची बाही कोंबून रडली.

पुढे ताप चढत-उतरत राहिला. तो वाचला, पण कातडं इतकं आखडलं की हात छातीच्या वर कधी गेले नाहीत. कारखान्यातलं काम सुटलं. रोज सकाळी मिसाओच त्याचा कमरपट्टा बांधायची.

"कशाला वाचवलंस गं मला?" एखाद्या सकाळी तो विचारायचा.

ती गाठ मारायची आणि चूल पेटवायला जायची.