नळीमागच्या रेघा

आमच्या रुग्णालयाच्या रक्त प्रयोगशाळेत नव्याने पदवी घेऊन येणाऱ्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आहे. पोरं मला माघारी खडूस म्हणतात, म्हणू देत. दोन नियम मी कुणासाठी मोडत नाही. नवी चाचणी आधी स्वतःच्या रक्तावर करायची. आणि निकाल बघताना मनात काही हवंसं वाटायला लागलं, तर नळी मुकाट्याने दुसऱ्याच्या हातात द्यायची.

गेल्या वर्षी सुरगाण्याकडची एक मुलगी आली. हात इतका हलका, की सुई टोचली तरी पेशंटचं बोलणं थांबायचं नाही. साखरपुडा झालेला, त्यामुळे जेवताना डब्यापेक्षा फोनकडे जास्त लक्ष. "नवरदेवाला सांग, मॅडम घरी गेल्यावर फोन कर," मी चिडवायचे. ती लाजून मास्क वर ओढायची.

मग सिकलसेलची चाचणी शिकवायचा दिवस आला. हा आजार आईबापांकडून रक्तातून येतो, तिच्या डोंगरी भागात बराच आढळतो. चाचणी सोपी आहे. नळीतल्या औषधात रक्ताचा थेंब टाकायचा, थोडं थांबायचं आणि नळी काळ्या रेघांच्या कागदापुढे धरायची. पलीकडच्या रेघा दिसल्या तर ठीक. औषध गढूळ होऊन त्या झाकल्या गेल्या, तर रक्तात सिकलसेल आहे.

तिच्या नळीतून रेघा दिसेनात. "माझंच काहीतरी चुकलं," म्हणून तिने पुन्हा केली. पुन्हा तेच. पुढच्या तपासणीत ती वाहक असल्याचं नक्की झालं. वाहक म्हणजे आजारी नव्हे, तुला काही होणार नाही, असं मी तिला समजावत बसले. ती ऐकून घेत होती. हे सगळं तिला माझ्याइतकंच पाठ होतं.

"मॅडम, तो पण तिकडचाच हाय," ती शेवटी म्हणाली. त्याची धाकटी बहीण लहानपणीच हाडं दुखून दुखून गेली होती. दोघंही वाहक निघाले तर मुलांना तोच आजार होण्याची भीती. गरोदरपणात तपासता येतं, हे तिने नंतर त्याच्या आईला सांगून पाहिलं. आई म्हणाली, एक लेक पुरली, आता नातवंड नाही. त्याचं रक्त चांगलं निघालं तरच लग्न.

तो सातपूरच्या कारखान्यातून पाळी संपवून आला आणि देवळात यावं तशा चपला दाराबाहेर काढून उभा राहिला. "अरे, इथे काचा असतात, चपला घाल आधी," मी ओरडले. तो हसला. चांगला होता हो मुलगा, मला फार आवडला. तिने रक्त काढलं तेव्हा त्याने सुईकडे पाहिलंच नाही, तिच्याकडेच बघत होता.

त्याला बाहेर बसवून तिने नळी तयार केली. थांबली. मग कागदापुढे न धरता तिने ती माझ्यापुढे केली.

"मला हवंसं वाटतंय, मॅडम. तुम्ही बघा."

इतकं नीट शिकलेली पोर माझ्या हाताखाली दुसरी झाली नाही. मी नळी घेतली आणि कागदापुढे धरली. मग जरा खिडकीकडे वळवली, जरा तिरकी केली, पुसली आणि पुन्हा धरली.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "दुसऱ्या कुणाला बोलावू का?"