कुत्रा वळला की सिद्धी वळायची

"हिला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही," असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा सिद्धी माझ्या मांडीवर गाढ झोपलेली होती. ती बोलत नाही म्हणून शेवटी साताऱ्याच्या दवाखान्यात तिची बेरा टेस्ट झाली होती. या तपासणीत मुलाला औषध देऊन झोपवतात, डोक्याला वायरी चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि तो मेंदूपर्यंत पोचतो का ते संगणकावर बघतात. रिपोर्टवर लिहिलं होतं 'प्रोफाउंड हिअरिंग लॉस'. म्हणजे कानाशी ओरडलं तरी जवळजवळ काहीच पोचत नाही.

सिद्धी तेव्हा सव्वातीन वर्षांची होती.

मॅडम ऑडिओलॉजिस्ट होत्या, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "घरी तिला ऐकू येतं असं तुम्हाला कशावरून वाटायचं?"

मी म्हणाले, "हाक मारली की वळते ती."

"नेहमी?"

"अंगणात तर नेहमीच. कुत्र्याजवळ बसलेली असते, हाक मारली की दोघंही वळून बघतात."

त्यांनी विचारलं, "कुत्रा जवळ नसताना हाक मारून बघितली होती का?"

एकदाही नव्हती. हे लिहायला आजही जड जातं.

आमचं घर म्हसवडजवळ, मेंढपाळाचं. दिवाळीनंतर सिद्धीचे पप्पा मेंढरं घेऊन पश्चिमेकडे जातात, ते पावसाच्या तोंडावर परत येतात. घरी सासूबाई, मी, सिद्धी आणि काळ्या. काळ्या म्हणजे चालवेना म्हणून घरी ठेवलेला म्हातारा कुत्रा. सिद्धी दिवसभर त्याच्या पाठीला टेकून बसायची. लांबून कुणी शीळ घातली की काळ्याचं अंग ताठ व्हायचं, मान वळायची, आणि त्याच बाजूला सिद्धीची मान वळायची. आम्ही म्हणायचो, पोरीचे कान मेंढपाळाचे आहेत.

बोलत नव्हती, ते कळत होतं. पण सासूबाई म्हणायच्या, "तिचा बाप बी चार वर्साचा हुईस्तवर बोलला न्हाई. आन् भैरी असती तर वळली असती व्हय?" शेजारची काकू टोमणा मारायची, "आई कालेजात जाती, आन् पोरीला येक शबूद शिकवता येईना." त्या टोमण्याने मी दवाखान्याऐवजी पाटीच आणली. तिच्यासमोर रोज चित्रं काढून शब्द म्हणायचे.

खरंच मी कॉलेजात जाते. लग्नानंतर बारावी केली, आता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माहेरी-सासरी कॉलेज बघितलेली मी पहिलीच. पहिल्या वर्षाला तर्कशास्त्र होतं. सरांनी सांगितलं होतं, जी परीक्षा कुणाला नापास करूच शकत नाही, ती परीक्षाच नव्हे. मी ते वहीत लिहून घेतलं, पेपरात उदाहरणासह लिहिलं. आणि घरी रोज तीच चूक करत होते. काळ्या शेजारी असताना सिद्धी नापास होणारच नव्हती.

साताऱ्याहून परत आलो त्या दिवशी मी काळ्याला घराच्या मागे बांधलं. सिद्धी उंबऱ्यात पाठमोरी बसली होती. मी पितळेचं ताट तिच्या मागे धरून वाजवलं. ती चिंचोक्यांशी खेळत राहिली.

"जोरात वाजीव की," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी ताट माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः वाजवलं. पुन्हा वाजवलं. शेवटी काकू दारात येऊन विचारू लागली, काय झालं म्हणून. सासूबाई ताट मांडीवर घेऊन खाली बसल्या. म्हणाल्या, "आजवर आपुन त्या कुत्र्यालाच हाका मारल्या गं."

पुढे तीन महिने दोन्ही कानांना मशीन लावून बघितलं. फरक पडला नाही. मग सांगलीला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे कॉक्लियर इम्प्लांट होतं. कानाच्या आत एक यंत्र बसवतात, ते आवाजाचे संकेत नसेला देतं आणि नस मेंदूला. त्याआधी एमआरआय करतात. बोगद्यासारख्या मशीनमध्ये मुलाला ठेवून आतली चित्रं घेतात. सिद्धीचे पप्पा मेंढरं चुलतभावावर सोपवून आले होते. बाहेरच्या बाकावर ते एकच गोष्ट बोलत होते, "आपरेशन झालं की पयल्यांदा पप्पा म्हणाया शिकवायचं."

डॉक्टरांनी चित्र समोर धरलं. म्हणाले, "ऐकण्याची नस दोन्हीकडे तयारच झालेली नाही. यंत्र बसवलं तरी ते संकेत कुणाला देणार? या मुलीला मी हे ऑपरेशन सुचवणार नाही."

मी विचारलं, "आम्ही लवकर आलो असतो तर?"

"नस तेव्हाही नव्हती. पण भाषा लवकर सुरू झाली असती. मोठ्या शहरात मेंदूवर करायचं एक वेगळं ऑपरेशन आहे, जोखमीचं, खात्री नसलेलं. त्याची चौकशी जरूर करा. पण तोपर्यंत मुलीला रिकामी ठेवू नका. खुणांची भाषा आजपासून सुरू करा."

सिद्धीचे पप्पा बसस्टँडवर म्हणाले, "हातवारं शिकली तर बोलायची ऱ्हाईल. आदी दुसऱ्या आपरेशनचं बगू. वरीसभर थांबू की."

मलाही तेच हवं होतं. खुणा शिकायच्या म्हणजे ती बोलणार नाही हे आपण मान्य केलं, असं वाटत होतं. पण ताटाचा आवाज माझ्या डोक्यातून जात नव्हता. वही काढून मी पानाच्या एका बाजूला 'माहीत आहे' आणि दुसऱ्या बाजूला 'वाटतं' असं लिहिलं. पहिल्या बाजूला आलं: नस नाही. दुसऱ्या बाजूला: ऑपरेशनने बोलेल, खुणांनी बोलायचं राहील, देव बघून घेईल. मी पान त्यांच्यापुढे धरलं.

"वर्षभर आपण थांबू," मी म्हणाले. "पण ते वर्ष आपलं नाही जाणार. आपण दोघं बोलत राहू. तिचं जाईल."

त्यांनी पान बराच वेळ बघितलं. ते सातवीपर्यंत शिकलेत. मग म्हणाले, "पयल्या बाजूला कुटंच पप्पा म्हनंल असं न्हाई लिवलं." आणि तोंड फिरवून रडले. बस लागली तेव्हा सिद्धीला खांद्यावर घेत एवढंच म्हणाले, "शिकव."

तुमच्या घरी असं मूल असेल तर मी काही मोठं सांगू शकत नाही. मी स्वतः उशीर केलेली आई आहे. एवढंच सांगते, जे तुम्हाला खरं वाटतंय ते खोटं ठरेल अशी एक तरी परीक्षा घ्या, आणि थांबायचं ठरवलंत तर त्या थांबण्यात कुणाचं नुकसान होतंय ते आधी बघा.

आम्ही साताऱ्याला आठवड्यातून दोनदा खुणा शिकवणाऱ्या एका वर्गाला जाऊ लागलो. पाणी, भाकरी, आई, दे, नको, कुठे. मोठ्या शहरात जाऊन मेंदूवरच्या ऑपरेशनची चौकशीही केली. तिथल्या डॉक्टरांनी जोखीम सांगितली, तेव्हा सिद्धीच्या पप्पांनीच नको म्हटलं.

सिद्धी पाच वर्षांची होत आली तेव्हाची गोष्ट. माझे सासरे तिच्या बेरा टेस्टच्या दोनच महिने आधी वारले होते. अंत्यविधीच्या वेळी आम्ही तिला काकूकडे ठेवलं. परत आली तेव्हा आजा घरात नव्हता, आणि तिला सांगायला आमच्याकडे काही नव्हतं. खुंटीवरचं त्यांचं पागोटं ती अधूनमधून काढून दारात नेऊन ठेवायची. आम्ही उचलून परत टांगायचो. खेळ आहे असं वाटायचं.

त्या दिवशी तिने पागोटं दारात ठेवलं, माझ्याकडे वळली आणि डोक्याभोवती हात फिरवून खूण केली. आजा. मग वर्गात शिकलेली खूण केली. कुठे?

पावणेदोन वर्षं ती हेच विचारत होती.

मी मरणाची खूण केली. ती तिला वर्गात शिकवलेली होती, पण मेलेल्या चिमणीच्या चित्रावर. तिने पुन्हा विचारलं, कुठे? मी पुन्हा तीच खूण केली, आणि 'येणार नाही' अशी. तिने माझा हात धरून खाली केला. मग तिला कळलं. गेलेल्या माणसासाठी घरातले सगळे रडून मोकळे झाले होते, ती एकटी त्या दिवशी रडली. मी तिला गप्प केलं नाही. तिचं रडणं तिला मिळालं, यासाठी मी साताऱ्याच्या मॅडमची, सांगलीच्या डॉक्टरांची आणि वर्गातल्या बाईंची ऋणी आहे.

सासूबाई चुलीपासून उठून आल्या. "काय इचारतीया ती?"

मी सांगितलं.

त्या तिच्यासमोर बसल्या. "माजा मालक व्हता त्यो. मीच सांगाय पायजे हुतं तिला. दाव मला ती खूण."

मी दाखवली. त्यांची बोटं संधिवाताने वाकडी, खूण नीट होईना. सिद्धीने रडत रडतच आजीचा हात हातात घेतला आणि एकेक बोट सरळ केलं.