उजेडाचा जोर

माझा आवाज मोठा. घरात पाणी मागितलं तरी गल्लीत ऐकू जातं. ग्रामपंचायतीत मी संगणक चालवतो. तिथं मीच हट्टानं सगळ्यात ताकदवान ट्रान्सिव्हर बसवून घेतला. फायबरमधून उजेडानं निरोप पाठवणारी ती बोटाएवढी डबी. तेव्हापासून इंटरनेट सारखं तुटायचं आणि दाखल्यासाठी ताटकळलेली माणसं माझ्यावर चिडायची.

नंदुरबारहून दुरुस्तीला आलेल्या माणसानं दारातच चपला काढल्या. फायबरचं टोक त्यानं चष्म्याच्या काचेसारखं पुसलं, त्याचं इवलंसं टोपण खिशात ठेवलं आणि खिसा दोनदा चाचपला. मग उजेड मोजायचं मीटर पाहून हसला.

"समोरलं टोक कितलं दूर शे?"

"शेजारना गावमाच."

"मंग इतलं जवळ बोलाले बोंबलानं कसाले? समोरलाना डोया दिपी जातस."

लॅपटॉपवरून त्यानं उजेडाचा जोर उतरवला आणि दाखले भराभर निघू लागले. चहा पिऊन तो गेला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या तहान लागली. हाक मारायला तोंड उघडलं, मिटलं आणि उठून स्वयंपाकघरात गेलो. हळूच पाणी मागितलं.

बायकोनं माझ्या कपाळाला हात लावला. "तब्येत बरी शे ना तुमनी?"