लाँड्रीवाल्या मावशींचे पाच वार

आमच्या चार इमारतींच्या मधल्या गल्लीत लाँड्री चालवणाऱ्या मावशींना माणसं चेहऱ्यापेक्षा कपड्यांवरून लवकर ओळखू येतात. प्रत्येक घराचा दोरा ठरलेला. कॉलरच्या आत, शिवणीला लागून दोन टाके. आमचा जांभळा, समोरच्या बस कंडक्टरचा पिवळा आणि गणिताच्या निवृत्त सरांचा पांढरा, कारण त्यांना आपल्या कपड्यावर दुसरा रंग चालत नाही. पांढऱ्यावर पांढरा दोरा शोधताना मावशी शर्ट नाकाशी धरतात आणि म्हणतात, "जन्मभर पोरांना छळलं, आता माझी पाळी."

मी परीक्षा विभागात कारकून आहे. माझ्या उजव्या बाहीला कायम शाई, म्हणून मावशींच्या लेखी मी 'शाईवाली', आणि माझी आठ वर्षांची लेक 'शाईवालीची'. तिची शाळा साडेतीनला सुटते, मी सातला घरी पोचते. मधले साडेतीन तास ती मावशींच्या दुकानामागच्या खोलीत असते. ती खोली आहे म्हणून मी नोकरी करू शकते. एवढं साधं वाक्य, पण ते मी मावशींनासुद्धा कधी बोलून दाखवलं नव्हतं.

खोली सोसायटीची. अकरा वर्षांपूर्वी एक मुलगी किल्ली हरवून जिन्यात बसली होती. मावशींनी तिला आत बोलावून बाकावर बसवलं. दुसऱ्या दिवशी ती किल्ली असूनही आली, आणि येताना बहिणीला घेऊन आली. आता चौदा मुलं आहेत. मावशींचे यजमान तेव्हा होते. ते म्हणाले होते म्हणे, "लोकांचे कपडे सांभाळतेस ते पुरे नव्हतं का?" पुढे ते गेले, पण खोलीचा रिवाज मोडला नाही. दुकान आणि खोली यांच्यामध्ये दार नाही, नुसता पडदा आहे. मावशी इस्त्री फिरवत फिरवत कान आत ठेवतात. गोंगाटाचं त्यांना काही वाटत नाही. आत फार वेळ शांत झालं की मात्र हातातली इस्त्री उभी करतात आणि विचारतात, "कोण काय फोडतंय रे?"

या वर्षी त्यांचा उजवा खांदा वर जाईना. डॉक्टरांनी सांगितलं, चारनंतर काम बंद, उभं राहणं बंद. दुकान चारला बंद म्हणजे खोलीही चारला बंद. सोसायटीच्या सेक्रेटरींनी नियमावर बोट ठेवलं. रोज संध्याकाळी सातपर्यंत खोलीत एक जबाबदार मोठं माणूस हवं. सोमवार ते शुक्रवार पाच वारांसाठी सोसायटीच्या वार्षिक फॅमिली डेपर्यंत नावं आली तर ठीक, नाहीतर खोली शेजारच्या फर्निचरवाल्याला माल ठेवायला. सेक्रेटरी काही वाईट माणूस नाहीत. त्यांनी फक्त तारीख दिली.

मावशींना सभेत उभं राहून बोलता येत नाही, आणि नोटीस बोर्ड कुणी वाचत नाही हे त्यांना ठाऊक. मग त्यांनी आपल्या पद्धतीनं केलं. रोज थोड्या थोड्या करून चिठ्ठ्या लिहिल्या, 'आठवड्यातली एक संध्याकाळ द्या. मुलं आपलीच आहेत. फॅमिली डेला नाव लिहा.' इस्त्री झालेल्या प्रत्येक शर्टाच्या खिशात, घडी बिघडणार नाही अशी, एकेक चिठ्ठी सपाट सरकवली. माणूस नोटीस बोर्ड टाळेल, पण स्वतःच्या खिशात हात घालणारच, असा त्यांचा भरवसा.

लोकांनी हात घातलाच नाही. शर्ट कामावर जाऊन आले आणि चिठ्ठ्यांसकट परत धुवायला आले. एरवी खिसा तपासल्याशिवाय मावशी रुमालसुद्धा पाण्यात टाकत नाहीत. पण आता खिशांत आपल्याच चिठ्ठ्या होत्या, त्या लोकांनी वाचून काढल्याच असणार, असं धरून त्यांनी त्या आठवड्यात खिसे तपासले नाहीत. मशीन उघडलं तर सगळ्या कपड्यांवर कागदाचा भुगा.

माझ्या शर्टाच्या खिशातली चिठ्ठी मात्र मी वाचली होती. दोनदा वाचली आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. आठ तास नोकरी करून वर चौदा मुलं सांभाळायची? एखादं पडलं, लागलं, तर जबाब कोणी द्यायचा? मला माझ्या एकीचीच धास्ती पुरते. कुणीतरी लिहील नाव, असं म्हणून मी मोकळी झाले. बाकीच्यांनी वाचली नाही म्हणून लिहिलं नाही, मी वाचून लिहिलं नाही.

फॅमिली डे रविवारी झाला. इमारतींच्या मध्ये खुर्च्या, कागदी पेल्यांतून सरबत, पोत्यांची शर्यत. लाँड्रीच्या शटरवर पाच वारांचा तक्ता चिकटवलेला होता. चार वाजले तरी कोरा. मावशी त्याच्याशेजारी खुर्चीत बसून होत्या. त्यांना बसलेलं आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो, आणि त्या नेहमीपेक्षा लहान दिसत होत्या.

सर तक्रार घेऊन आले. "मावशी, शर्टावर हे पांढरं पांढरं काय?"

"चिठ्ठी आहे सर. तुम्ही वाचली नाहीत, शर्टानं वाचली."

"कसली चिठ्ठी?"

मावशींनी सगळं सांगितलं. शेजारी उभा असलेला कंडक्टर खो खो हसला. "काय सर, काखेत कळसा नि गावाला वळसा."

"तू बघ आधी तुझ्या खिशात," सर म्हणाले.

कंडक्टरनं अंगातल्या, नुकत्याच इस्त्री होऊन आलेल्या शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली आणि त्याचं हसू मावळलं. चिठ्ठी होती. त्यानं ती तिथंच उभ्या उभ्या वाचली. म्हणाला, "मंगळवारी माझी सकाळची पाळी असते. मंगळवार मला."

सरांनी सोमवार घेतला. "मी गणितं घालीन मुलांना."

"गणितं घालाल तर एकही पोरगं यायचं नाही. नुसते बसा सर," मावशी म्हणाल्या.

चौथ्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी बुधवार लिहिला. गुरुवार एका सासू-सुनेनं मिळून घेतला. "आलटून पालटून हं," सून म्हणाली, "एकत्र नको." सासूबाईंनी मान डोलावली. एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत असावं.

शुक्रवार राहिला. खुर्च्या आवरायला सुरुवात झाली. सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं, मग उगीचच तक्त्याचा सुटलेला कोपरा नीट चिकटवला. माझी लेक माझं बोट धरून तक्ता वाचत होती. "आई, शुक्रवारी मी कुठे राहायचं?"

मी मावशींजवळ गेले. म्हटलं, "शुक्रवारी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सील होतात. ते झाले की लवकर सुटते, पण साडेपाचच्या आत नाही."

"पोचशील किती वाजता?"

"सहा."

"मग सहापर्यंत मी."

"डॉक्टर नको म्हणालेत ना?"

"उभं राहायला नको म्हणालेत. बसेन."

"चिठ्ठी मी वाचली होती, मावशी."

"ठाऊक आहे. भुगा काढताना पाहिलं, तुझा एकटीचाच खिसा रिकामा होता," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

एका वाराला दोन नावं चालतील का, असं त्यांनी सेक्रेटरींना विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, "नियमात माणूस हवं एवढंच आहे. किती वाजता कोणतं, ते नाही लिहिलेलं." मी नाव लिहिलं. खोली राहिली.

काल पहिला शुक्रवार होता. एक गठ्ठा मोजणीत कमी आला आणि मी सहा वीसला पोचले. मावशी बसलेल्या नव्हत्या. डाव्या हातानं कुणाच्यातरी शाळेच्या गणवेशाला इस्त्री करत होत्या. "बसून हात पोचत नाही," एवढंच म्हणाल्या आणि खांदा धरून घरी गेल्या. मी सातपर्यंत मुलं मोजत राहिले. कधी चौदा भरत, कधी तेरा. चौदावी माझीच, माझ्या पाठीमागे बसलेली.

पुढच्या महिन्यात नर्सबाईंची ड्यूटी बदलणार आहे. बुधवार पुन्हा कोरा होईल. ज्यांचे खिसे अजून तपासायचे राहिलेत त्यांनी तेवढं बघावं. आणि मला सोमवारी साहेबांकडे शुक्रवारी लवकर निघायला एक तास मागायचा आहे. कसा मागायचा, ते अजून सुचलेलं नाही.