नकोआजी

नकोआजी कुठल्याच गोष्टीला पहिल्या विचारण्यात हो म्हणत नसत. चहा घेता का, गाडीतून सोडू का, बाहेर बर्फ पडलाय तर दूध आणून देऊ का, काहीही विचारा. हात छातीशी नेऊन, मान जराशी कलती करून त्या म्हणत, “छे छे, नको. मी मजेत आहे.” दुसऱ्यांदा विचारलं की, “तुला उगाच त्रास.” तिसऱ्यांदा विचारलं की, “आता तू म्हणतोसच तर अगदी अर्धा कप.” तो अर्धा कप काठोकाठ भरलेला लागे आणि त्यावर आणखी एक होई. त्यांचं खरं नाव नोरा. आमची मुलगी लहानपणी त्यांना नोराआजी म्हणायची. पुढे तिनेच नोराआजीची नकोआजी केली.

आम्ही अमेरिकेतल्या कॅरी गावात टाउनहाउस घेतलं तेव्हा त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती. नकोआजी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यातल्या. त्यांचे यजमान दक्षिण इंग्लंडचे, औषधं बनवणाऱ्या कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही घरात साहेब म्हणायचो, कारण माझ्या आजोबांच्या तोंडी प्रत्येक इंग्रज साहेबच असे. हे नकोआजींना एकदा सांगितलं तर त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या. म्हणाल्या, मी लग्न झाल्यापासून मनातल्या मनात हेच म्हणतेय.

पहिली भेट सुजातामुळे झाली. सुजाता माझी बायको. नागपूरहून आणलेली संत्रा बर्फी घेऊन ती शेजारी गेली. दार साहेबांनी उघडलं. छान हसून म्हणाले की फारच सुंदर दिसतेय, पण आमचं आत्ताच जेवण झालंय, धन्यवाद. विषय संपला. मागून नकोआजी आल्या आणि त्याही नकोच म्हणाल्या. पण सुजाता दारातून हलेना. निदान एक तुकडा, मग निदान उद्यासाठी ठेवा, मग तुम्ही घेतली नाही तर मला वाईट वाटेल, असं तिचं चालू राहिलं. शेवटी नकोआजींनी डबा घेतला आणि नवऱ्याला म्हणाल्या, “बघ, ही मुलगी माझ्या गावची आहे.”

आयरिश आणि इंग्रज हे इतके शेजारी, दिसायला सारखे, बोलायला एकच भाषा, मग फरक काय, असं मी त्यांना विचारलं होतं. त्यांनी दोन जेवणांची गोष्ट सांगितली. लग्नाआधी साहेब पहिल्यांदा त्यांच्या खेड्यात गेले. नकोआजींच्या आईने केक पुढे केला. साहेबांचं पोट भरलेलं होतं, ते नको म्हणाले. आईने पुन्हा पुढे केला, पुन्हा नको. ताटली येतच राहिली आणि साहेब सभ्यपणे नकारच देत राहिले. त्यांना वाटलं, या घरातल्या माणसांना ऐकू कमी येतं. आईला वाटलं, याला आमच्या हातचं चालत नाही. “हातचं चालत नाही” हे शब्द माझे. नकोआजी इंग्रजीत वेगळं काहीतरी म्हणाल्या होत्या. पण मला ते असंच ऐकू आलं, आणि का ते सुजाताला समजावून सांगावं लागलं नाही.

मग नकोआजी इंग्लंडात सासूबाईंच्या घरी गेल्या. दिवसभराच्या प्रवासाने भुकेल्या होत्या. सासूबाईंनी विचारलं, आणखी बटाटे घेणार? त्या रीतीप्रमाणे नको म्हणाल्या. सासूबाईंनी बटाट्यांचं भांडं उचललं आणि आत नेलं. नकोआजी त्या भांड्याकडे पाहतच राहिल्या. “त्या दिवशी मला कळलं, की ही माणसं आपलं बोलणं खरं मानतात,” त्या म्हणाल्या. “काय भयंकर लोक.”

साहेबांची बाजू सरळ होती. समोरची बाई नको म्हणते, तिच्या शब्दाला मान द्यायचा, यालाच आम्ही सभ्यता म्हणतो, असं ते म्हणत. नकोआजी माझ्याकडे वळून म्हणायच्या, “ऐकलंस? एवढी विचारून वागणारी माणसं. आमच्या देशात शिरताना मात्र विचारलं नाही. आम्ही नको म्हणू अशी भीती वाटली असणार.” साहेब वर्तमानपत्राआड जात, त्यांचे कान लाल होत आणि थोड्या वेळाने कागद हलायला लागला की ते हसताहेत हे कळे. त्या दोघांत या इतिहासावरून खरं भांडण झालेलं मी कधी पाहिलं नाही. “त्यांना आमचा राग नाहीच,” नकोआजी म्हणत. “ते विसरलेत. आम्ही विसरत नाही. भांडण म्हणशील तर तेवढंच आहे.”

त्या नकाराचं कारणही त्यांनीच मला सांगितलं. “पहिला नकार पाहुणा स्वतःसाठी देत नाही,” त्या म्हणाल्या. “घरात पाव नसेल तर विचारणाऱ्याची अब्रू राहावी म्हणून देतो. त्याने पुन्हा विचारलं तर समजायचं, थोडा असेल. अगदी गळ घातली तर खायचा. यांच्या घरात पाव नेहमीच होता. म्हणून हे एकदाच विचारतात.” ऐकताना मला आमची नागपूरची वस्ती आठवली. कुणाकडे जायचं तर आई आम्हाला घरून खाऊन न्यायची आणि दारात शिरता शिरता दंडाला चिमटा काढून सांगायची, काही दिलं तर आधी नको म्हणायचं. माझ्या आईला आणि नकोआजींच्या आईला एकमेकींच्या घरी काही अडलं नसतं.

साहेब मात्र शिकले होते. मी त्यांना पाहिलं तोवर ते विचारायचंच सोडून चुकले होते. दुपारी चहा करत आणि कप बायकोपुढे नुसता ठेवत. त्या म्हणत, “मला नको होता रे,” आणि पीत. जन्मभर दुसऱ्याच्या शब्दाला मान देणाऱ्या माणसाने एका माणसाचा शब्द रोज दुपारी मोडायचा, याहून मोठं प्रेम मी तरी त्या गल्लीत पाहिलं नाही.

साहेब गेले तेव्हाही तो फरक दिसला. शेवटच्या दिवसांत त्यांना खोलीत कुणी नको होतं. घरी जा, असं ते बायकोला सांगत आणि मनापासून सांगत. इंग्रज माणसाला मरताना दार लावून घ्यायचं असतं, आणि आयरिश घरात माणूस गेला की दार दिवसभर उघडं असतं, न बोलावता माणसं येतात, खातात, बोलतात. नकोआजींनी मधला मार्ग काढला. त्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसल्या. नंतर गल्लीतल्या लोकांनी सहानुभूतीची कार्डं टाकली आणि काही लागलं तर कळवा म्हणून सांगितलं. आम्ही वरण-भात घेऊन गेलो आणि न विचारता बसलो. त्यांनी खूप नको नको केलं आणि दोनदा भात घेतला. ते एक मी नीट केलं.

त्यानंतर त्या विसरू लागल्या. शेगडी बंद करायला, दाराला कुलूप लावायला, साहेब गेलेत हेसुद्धा. सिएटलहून त्यांची मुलगी क्लेअर आली. क्लेअर भली बाई आहे. पण ती इथे जन्मली, इथे वाढली. तिने आईला समोर बसवून सरळ विचारलं की तू आमच्याकडे येऊन राहशील का. मी तिथेच होतो, कपाटावरची बॅग काढून द्यायला गेलो होतो. नकोआजींचा हात छातीशी गेला, मान कलली. “छे गं, नको. तुमचा संसार आहे. मी मजेत आहे.” क्लेअरचे डोळे भरले. बाहेर गाडीपाशी ती मला म्हणाली, “मी विचारलं, काका. ती नाही म्हणाली. तिच्या निर्णयाचा मान ठेवायला हवा.” आमच्या मुलीचं ऐकून तीही मला काका म्हणते.

त्या गल्लीत त्या नकाराचा अर्थ कुणाला कळत असेल तर मला कळत होता. पण दुसऱ्याच्या घरातली गोष्ट, आपण बाहेरचे, बोलणं बरं दिसणार नाही, असं मला वाटलं. इतकी वर्षं या देशात काढून मी साहेबांच्या आईइतका सभ्य झालो होतो. मी मान डोलावली. भांडं उचलून आत नेलं म्हणा.

क्लेअरने त्यांना कॅरीतल्याच वृद्धांच्या एका निवासात ठेवलं. जागा स्वच्छ होती, माणसं हसतमुख होती. मी रविवारी जायचो. काही आठवड्यांनी नकोआजींचे गाल बसलेले दिसले, अंगठी बोटात फिरायला लागली. मला वाटलं, आजार आहे. मग एका रविवारी जेवणाच्या वेळी पोहोचलो. वाढणारी मुलगी त्यांच्यापाशी वाकून गोड आवाजात म्हणाली, “नोरा, आज थोडं सूप घेणार?” नकोआजी म्हणाल्या, “छे, नको. मी मजेत आहे.” मुलगी म्हणाली, “बरं, हरकत नाही,” आणि पुढच्या टेबलाकडे गेली. नकोआजी त्या वाटीकडे पाहत राहिल्या.

मी उठून ती वाटी आणली. हवेबद्दल बोललो, सुजाताच्या गुडघ्याबद्दल बोललो, मध्येच म्हणालो की हे आता फेकून देतील, मग म्हणालो की तुम्ही घेतलं तर मीही पाव खाईन. त्यांनी सगळं सूप संपवलं आणि आणखी आहे का असं डोळ्यांनी विचारलं.

तिथल्या व्यवस्थापिकेला मी भेटलो. तिने नीट ऐकून घेतलं. म्हणाली, “नकार देणं हा त्यांचा हक्क आहे. आम्ही कुणावर जबरदस्ती करू शकत नाही.”

“पण हा नकार नाही,” मी म्हणालो.

“मग काय आहे?”

 आग्रह ही गोष्ट मी इंग्रजीत मांडायला गेलो की ती धमकीसारखी ऐकू येत होती. एका मुलीला कितीजणांना वाढायचं असतं हेही मला दिसत होतं. व्यवस्थापिका म्हणाली की वैद्यकीय कारणाशिवाय पद्धत बदलता येणार नाही, तिला खरंच वाईट वाटतं. मी तिचे आभार मानले आणि निघालो. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की ती एकदा नाही म्हणाली आणि मी ऐकलं. मी परत आत जायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी जायला हवं होतं. मी ऑफिसला गेलो.

क्लेअरला मात्र फोन करून सगळं सांगितलं.  मग तिने विचारलं, “म्हणजे माझ्याकडे यायला ती नाही म्हणाली, तेही असंच?”  ती पुढच्याच विमानाने आली. आईसमोर बसून, मी फोनवर सांगितल्याप्रमाणे, एकाच सुरात एकामागून एक तिने तेच विचारलं. आई, जेवणार? आई, जेवणार? आई, जेवणार? नकोआजी घाबरल्या. मला हळूच विचारलं, ही बाई माझी परीक्षा का घेतेय? सिएटलला न्यायचं तर आता डॉक्टर प्रवासाला परवानगी देत नव्हते. क्लेअर आठवडाभर राहिली, सुट्टी संपली आणि गेली. विमानतळावर तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

मग मी एक दिवसाआड जाऊ लागलो. उशीर झाला होता. खाणं गेलं की भूकही जाते, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

शेवटच्या रविवारी सुजाताने मऊ भात आणि दही कालवून दिलं होतं. नकोआजी मला ओळखत नव्हत्या, पण पाहुणा आलाय हे त्यांना कळत होतं. मी चमचा पुढे केला. त्या नको म्हणाल्या. मी हवेबद्दल बोललो. त्या नको म्हणाल्या. बायकोने मुद्दाम केलंय, म्हणालो. फेकावं लागेल, म्हणालो. मला वाईट वाटेल, म्हणालो. त्या प्रत्येक वेळी नकोच म्हणाल्या, दर वेळी अधिक हळू, आणि माझ्याकडे अशा पाहत होत्या की जणू मलाच काहीतरी समजत नाहीये. मी थांबलो नाही. आता थांबायचं नाही, एवढंच मला येत होतं. शेवटी त्यांनी तोंड उघडलं. मी घास भरवला. त्या हसल्या, ओठ मिटून.

मला इतकं बरं वाटलं की मी बराच वेळ बसलो. मुलीच्या कॉलेजचं सांगितलं, बाहेर फुललेल्या डॉगवूडच्या झाडाचं सांगितलं. त्या मान हलवत होत्या, बोलत नव्हत्या. निघालो, पार्किंगपर्यंत गेलो आणि डबा राहिला म्हणून परत आलो.

दारातून मला दिसलं. त्यांनी कागदी रुमाल ओठांशी धरला होता. इतका वेळ तोंडात तसाच धरून ठेवलेला तो घास त्यांनी रुमालात काढला, चारही कोपरे नीट दुमडले आणि कुणी पाहत नाही ना हे बघून स्वेटरच्या बाहीत सरकवला. मग त्यांनी डोळे मिटले, एखादी बाई पाहुणा गेल्यावर मिटते तसे.